गोलाईतलं 'डिजिटल'

परवा दोन दिवसांसाठी लातूरला गेले होते. रिक्षावाल्याला म्हटलं, गोलाईत सोडा. तो म्हणाला, "ताई, कोणत्या अंगाला? हनुमान चौकाकडून आत मोठं डिजिटल लावलंय, गर्दी हाय तिथं. अलीकडंच सोडतो."

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा करायला हवा. आमच्याकडे 'डिजिटल' म्हणजे कॉम्प्युटर नव्हे आणि मोबाईलही नव्हे. डिजिटल म्हणजे फ्लेक्सचा बोर्ड. वाढदिवसाचं डिजिटल, निवडीबद्दल अभिनंदनाचं डिजिटल, तेराव्याचं डिजिटल. एका मोठ्या चेहऱ्याखाली तीस-चाळीस पासपोर्ट साईज चेहरे आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझा मेलबर्नचा मावसभाऊ. तो आर्किटेक्ट आहे. शहरातल्या चौकांत, बागांत, रस्त्यांवर डिजिटल तंत्रज्ञान कसं बसवावं यावर त्याला कुठेतरी बोलायचं होतं. त्याने फोनवर विचारलं, "आपल्या नांदेड-लातुरात असं काही झालंय का गं?" मी हसले, आणि त्याला रिक्षावाल्याचं वाक्य ऐकवलं. तोही हसला. पण फोन ठेवल्यावर विषय डोक्यातून जाईना. कारण आमच्या घरातला एक माणूस आयुष्यभर हेच काम करत होता. फक्त त्याच्या हातात खडू आणि ब्रश होता.

पण आधी गोलाईबद्दल. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी डोळ्यांसमोर आणा. मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती दुमजली गोल इमारत आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखे फुटलेले सोळा रस्ते. एकेका रस्त्याला एकेक माल. सराफ लाईन, कापड लाईन, भुसार लाईन... मिरची, गूळ, चपला, भांडी. लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच गावांचे बाजार असे गोल असतात. पुण्यात आले तेव्हा लक्ष्मी रोडला टोक सापडेना आणि मध्यही सापडेना!

गोलाई आपोआप उगवलेली नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनीअरची बार्शी लाईट रेल्वे, अडीच फूट रुंदीची छोटी गाडी, १९११ साली लातूरपर्यंत पोचली आणि हे गाव व्यापाराचं ठिकाण होऊ लागलं. निझामाचं राज्य होतं. १९१७ च्या सुमारास फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने गंजगोलाईचा आराखडा केला. मधली मोठी इमारत १९४५ ची. म्हणजे आमचा बाजार कागदावर आधी काढला गेला आणि जमिनीवर नंतर आला. बैलगाडी कुठूनही येवो, मध्यावर पोचतेच, आणि मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला सोळाही रस्त्यांवरून काय येतंय ते दिसतं. फैयाजुद्दीनना एवढं साधलं, तेही एकही बोर्ड न लावता.

अशा मध्यावर जे यंत्र येतं ते सगळ्या गावाचं होतं. किंवा व्हायला हवं.

आजोबा (आईचे वडील) एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे. त्यांच्या ओळखीच्या एका आडत्याकडे रेडिओ होता, पण तो माडीवर. खाली हमाल, गाडीवान, शेतकरी. वर रेडिओ आणि चार प्रतिष्ठित मंडळी. १९४८ मध्ये त्या रेडिओवर काय लागतं याची सगळ्यांनाच धास्ती होती. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी मूळचा लातुरात वकिली करणारा, त्यामुळे गावाला त्याचा आवाज ओळखीचा होता. पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला, शुक्रवारी, निझामाने हैदराबाद रेडिओवरून शरणागती जाहीर केली. आजोबा सांगायचे की त्या संध्याकाळी आडत्याने रेडिओ खाली आणून दुकानाच्या उंबऱ्यात ठेवला, रस्त्याकडे तोंड करून. "माडीवरून उंबऱ्यात आला बघ," एवढंच ते म्हणायचे. हैदराबाद मुक्तीबद्दल नंतर बरंच वाचलं, पण माझ्या डोक्यात तो दिवस म्हणजे उंबऱ्यातला रेडिओ.

आता मामा.

मामा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची कमळं आणि मोर, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, निवडणुकीच्या भिंती. पण त्यांचं बिनपैशाचं काम वेगळंच होतं. गोलाईजवळ एका दुकानाच्या भिंतीवर चार बाय सहाचा काळा फळा होता, वर पांढऱ्या रंगात 'वार्ताफलक'. रोज सकाळी सात वाजता मामा सायकलवर जायचे आणि हैदराबाद-औरंगाबादची वर्तमानपत्रं आणि आकाशवाणीच्या बातम्या यांतून पाच-सहा ओळी खडूने लिहायचे. अक्षर असं, की छापल्यासारखं. तूर-हरभऱ्याचे भाव, एखादी मोठी बातमी, कुणाचं निधन, पाणी कुठल्या भागाला कधी सुटणार. शेवटची ओळ सगळ्यात जास्त वाचली जायची.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९२८ साली इमारतीभोवती दिव्यांची सरकती बातमीपट्टी लावली. निवडणुकीच्या निकालाच्या रात्री लोक माना वर करून ती वाचत उभे होते, असं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा मामांचा फळाच आठवला. वीज सोडली तर फरक काय? फरक एकच, मामांचा फळा डोळ्यांच्या उंचीवर होता आणि चूक झाली तर कुणीही सांगू शकायचं. "पेंटर, तुरीचा भाव कालचाच लिवलाय की!" मामा थुंकी न लावता, ओल्या फडक्याने पुसायचे. फळ्याला थुंकी लावलेली त्यांना खपायची नाही.

१९७८ च्या जुलै महिन्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या. मी तेव्हा लहान होते, पण नंतर मामांनी सांगितलेलं लक्षात आहे. लोक येऊन त्यांना म्हणायचे, अमक्या गावात असं झालं, लिही. कुणी म्हणायचं, हे लिही, कुणी म्हणायचं, ते लिहिलंस तर बघ. मामांनी फळा धुतला आणि दहा दिवस काहीच लिहिलं नाही. "मला खरं काय ते माहीत नव्हतं," ते म्हणाले. मी कॉलेजात असताना यावरून त्यांच्याशी भांडले होते. जळालेल्या घरांबद्दल गप्प बसणं हीसुद्धा एक बाजू घेणंच झालं, असं माझं म्हणणं होतं, आणि आजही ते मला चूक वाटत नाही. पण २०१८ च्या जुलैमध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. तेव्हा मला मामांचं ओलं फडकं आठवलं. खडूने लिहिलेलं लिहिणाऱ्याला निदान पुसता तरी येत होतं.

एक कबूल करायला हवं. तो फळा बायकांचा नव्हता. पुरुष थांबून, तोंडात पान धरून सावकाश वाचायचे. आई आणि मी कापड लाईनीतून जाता जाता चालत्या पायांनी जेवढं वाचता येईल तेवढं वाचायचो. बायकांनी गोलाईत 'उभं राहायचं' ते नवरात्रात, देवीच्या रांगेत. बाकी दिवस काम सांगा, सामान घ्या, चला.

टीव्हीने यात फार फरक पाडला नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून गावोगावच्या सार्वजनिक टीव्हीवर कार्यक्रम दाखवायचा 'साईट' नावाचा मोठा प्रयोग झाला, पण तो शेजारच्या गुलबर्ग्यात. महाराष्ट्र त्यात नव्हता. आमच्याकडे टीव्ही आला तो घरात. १९८७ मध्ये रामायण लागलं तेव्हा रविवारी सकाळी गोलाई ओस पडायची. म्हणजे चौक रिकामा करणारं ते पहिलं यंत्र!

मग ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, माणसं दमून झोपली होती. आम्ही सगळे अंगणात आलो. भिंतीला तडा, बाकी ठीक. काय झालंय, कुठे झालंय, काही कळेना. एसटीडी बूथवर रांगा, आणि लाईन लागत नाही. सकाळी मामा नेहमीप्रमाणे सायकलवर निघाले. आई म्हणाली, "दादा, आज कशाला?" ते गेलेच. त्या दिवशी फळ्यावर बातमी नव्हती, नुसती गावांची नावं होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी... दिवसभर जीपने येणारी माणसं सांगत गेली तशी नावं वाढत गेली. दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा फळ्यासमोर बायका उभ्या होत्या. थांबून, एकेक नाव बोट ठेवून वाचत होत्या. कुणाचं माहेर, कुणाची लेक दिलेली. कुणीही त्यांना "चला, पुढं सरका" म्हटलं नाही.

पुढे ५२ गावांचं नवीन जागी पुनर्वसन झालं. रुंद सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, भूकंपाला टिकतील अशी घरं. घरं टिकायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण यातल्या एका गावात आमचे पाहुणे आहेत. त्यांची म्हातारी म्हणायची, "रस्ता लई मोठा दिला. पलीकडच्या बाईला हाक मारली तर ऐकू जात न्हाई." नकाशा काढणाऱ्याला हे कुठल्या खान्यात लिहायचं ते सुचलं नसणार. असो.

फ्लेक्स आला तो साधारण २००४-०५ च्या सुमारास. आधी कौतुक वाटलं. फोटोसारखा फोटो, रात्रीत तयार, चौरस फुटाच्या दराने. मामांना एक पाटी रंगवायला तीन दिवस लागायचे. वर्षभरात त्यांच्याकडे नंबर प्लेट आणि शाळेचे सुविचार एवढंच काम उरलं. आणि मग एका वाढदिवसाचं डिजिटल नेमकं वार्ताफलकावर लागलं. मामांनी दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी जाऊन विनंती केली. पोरं सभ्य होती, म्हणाली, "काका, आठ दिवसांत काढतो." काढलंही. पण तोवर दुसऱ्याचा वाढदिवस आला. २००६ नंतर मामा गोलाईत सकाळी गेले नाहीत.

कायदा नव्हता असं नाही. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्धचा राज्याचा कायदा १९९५ चा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा फलकांबद्दल सविस्तर आदेश दिले. तरी रिक्षावाला अजून पत्ता 'डिजिटल'वरूनच सांगतो.

मावसभावाला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "हे तर रडगाणं झालं. चांगलं काहीच नाही?" आहे ना. त्यासाठी नांदेडला जावं लागतं.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं त्याला ३०० वर्षं झाली. गुरु-ता-गद्दीचा हा सोहळा समोर होता, आणि केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या पंगतीत नांदेड बसलं होतं. (लातूरकरांनी तेव्हा काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही!) दिल्ली हाट ज्यांनी केलं त्या प्रदीप सचदेवांनी नांदेडच्या रस्त्यांचा आराखडा केला. फूटपाथ, सायकलींची पट्टी, झाडं, बसायला जागा. मराठवाड्यातल्या रस्त्यावर बसायला जागा! आम्ही आई, मामी आणि मी एसटीने अहमदपूर-लोहा मार्गे गेलो होतो. मामी वजिराबादजवळ एका कट्ट्यावर टेकली आणि म्हणाली, "इथं बसलं तर कुणी काही म्हणत न्हाई का?"

संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात दर्शन घेतलं, लंगरमध्ये जेवलो आणि गोविंद बागेतला लेझर शो पाहिला. कारंज्यांचं पाणी, त्यावर उजेड, मोठ्या आवाजात दहा गुरूंची कथा. खरं सांगते, मला तो जरा भडक वाटला. पण मी मधेच मागे वळून पाहिलं. पंजाबातून आलेल्या म्हाताऱ्या, नांदेडच्या बुरखा घातलेल्या दोघी-तिघी, पोरांना मांडीवर घेतलेल्या बायका, रात्रीच्या वेळी, निवांत. कुणालाही कुठे जायची घाई नव्हती. शो संपल्यावरही त्या बसून होत्या. मामीला कथा निम्मी समजली नाही, पण लातूरला परतल्यावर ती कितीतरी दिवस सांगत होती ते कारंज्याचं नाही, तर "आम्ही रात्री साडेआठपर्यंत बागेत बसलो होतो" हे.

त्याच वर्षीची एक गोष्ट मावसभावाने सांगितली. मेलबर्नला फेडरेशन स्क्वेअर नावाचा चौक आहे, २००२ मध्ये उघडलेला, त्यात मोठा पडदा. १३ फेब्रुवारी २००८ ला ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत आदिवासींची माफी मागितली. पूर्वी त्यांची मुलं सरकारने आईबापांपासून तोडून नेली होती, त्याबद्दल. हजारो लोकांनी ते भाषण घरी टीव्ही असूनही त्या चौकात उभं राहून पाहिलं. का, तर अशी गोष्ट एकट्याने ऐकवत नाही. उंबऱ्यातला रेडिओच की हा!

लातूरला असं काही वाट्याला आलं नाही. पुढे २०१५ मध्ये स्मार्ट सिटी योजना आली, त्या शंभरात नांदेडही नव्हतं आणि लातूरही. आम्हाला २०१६ चा उन्हाळा आला. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरायच्या जागांभोवती पाचपेक्षा जास्त लोकांनी जमू नये म्हणून जमावबंदी लागली. कलम १४४, पाण्यासाठी! १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीकडून येणारा हा मार्ग मूळचा कॅलथ्रॉपच्या छोट्या रेल्वेचाच, फक्त आता रूळ रुंद झालेले. ज्या वाटेने गोलाईला व्यापार आला त्याच वाटेने १०५ वर्षांनी पाणी आलं.

त्या उन्हाळ्यात टँकर कधी येणार हे मामीला वॉट्सॲपवर कळायचं. म्हणजे शेजारच्या मुलाच्या वॉट्सॲपवर. मामीकडे साधा फोन. तो मुलगा क्लासला गेला की मामीला बातमी नाही. एकदा सगळ्या गल्लीने पाणी भरलं आणि मामीचे ड्रम कोरडे. मामा तेव्हा पंच्याहत्तरीचे. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माडीवरून प्लायवूडचा तुकडा काढला, काळा रंग दिला, गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला बांधला. शेजारच्या मुलाला सांगितलं, मेसेज आला की आधी इथं लिहायचं, मग क्लासला. पोराचं अक्षर वाईट होतं. मामांनी त्याला 'टँकर' मधला ट गिरवायला लावला. पावसाळा लागेपर्यंत ती पाटी चालली. मावसभाऊ ज्याला मोठ्या नावाने 'एकात्मिक' वगैरे म्हणतो ते मला वाटतं हेच असावं. मेसेज मोबाईलवर आला, पण खांबावर उतरला, आणि ज्याच्याकडे मोबाईल नाही त्यालाही वाचता आला.

मामा २०१८ मध्ये गेले. तिसऱ्या दिवशी चौकात त्यांचं डिजिटल लागलं. त्यांच्याच जुन्या शिष्याने लावलं, जो आता फ्लेक्सचं दुकान चालवतो. फोटो जुना, लग्नातला, रंग जरा जास्त गुलाबी. खाली 'शोकाकूल मित्रपरिवार'. 'कु' दीर्घ. मामांनी असली चूक दोन मिनिटं राहू दिली नसती. मामी मात्र रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहायची. तेराव्यानंतर बोर्ड उतरवला तेव्हा तिने तो मागून घेतला. गावाकडे सोयाबीनच्या गंजीवर दोन हंगाम झाकायला वापरला. "चांगला जाड हाय," म्हणाली.

या खेपेला गोलाईत तो फळा शोधला. भिंत आहे, फळ्याच्या जागी मोबाईल कव्हरचं दुकान आहे, आणि दुकानावर एलईडीचा छोटा सरकता बोर्ड आहे. 'स्क्रीन गार्ड मिळेल' असं तांबड्या अक्षरांत उजवीकडून डावीकडे जातं. मी जरा वेळ उभी राहिले. दुकानदाराने विचारलं, "ताई, कोणता मॉडेल?"

नातेवाईकांना एक विनंती. सुलेखाताईच्या लग्नाची वरात गोलाईतून गेली होती, तेव्हाच्या एखाद्या फोटोत मागे वार्ताफलक आला असण्याची शक्यता आहे. कुणाच्या अल्बममध्ये सापडला तर स्कॅन करून मेलवर पाठवा. त्या दिवशी मामांनी काय लिहिलं होतं ते वाचायचंय.